कानाची पाळी, हाताचा अंगठा, वेदीची राख : रोजचे जीवन देवाला कसे वाहावे

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याचे पुत्र यांना याजकपदावर नेमण्याचा विधी आहे. सारी मंडळी दर्शनमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या, दाराशी जमली आहे. मोशे त्यांना स्नान घालतो, वस्त्रे नेसवतो, अहरोनाच्या मस्तकावर अभिषेकाचे तेल ओततो. मग एक गोऱ्हा आणि दोन मेंढे अर्पण केले जातात. दुसऱ्या मेंढ्याचे रक्त घेऊन मोशे जे करतो त्यावरून पुष्कळांची नजर सहज पुढे सरकते, पण माझ्या मते सगळ्या विधीचा गाभा तिथेच आहे. तो ते रक्त अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो, आणि त्याच्या पुत्रांनाही तसेच लावतो. याजक देवाचा झाला, याची खूण त्याच्या ऐकण्याच्या, धरण्याच्या आणि चालण्याच्या अवयवांवर उमटली.

‘जीवन प्रभूला समर्पित करा’ हे आवाहन आपण उपासनेत इतक्यांदा ऐकतो की, घरी परतल्यावर त्याचे नेमके करायचे काय, हे विचारायचे राहून जाते. समर्पण म्हणजे मनाची एखादी उंच अवस्था असे आपण धरून चालतो. ती अवस्था आठवडाभर टिकत नाही, आणि मग आपलेच काही चुकले असे वाटून माणूस खचतो. इस्राएलाच्या याजकांचे विधी इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत मनःस्थितीविषयी जवळजवळ काही सांगितलेले नाही. पाणी, तेल, लाकूड, पीठ, राख, वेळ आणि अवयव यांविषयी मात्र बारकाईने सांगितले आहे. त्या बारकाव्यांवरून आपला दिवस कसा बांधावा, हे इथे क्रमाने मांडतो.

आधी एक मर्यादा

ख्रिस्ती माणसाने हे विधी पुन्हा करायचे नाहीत. इब्री लोकांस पत्र स्पष्ट सांगते की ख्रिस्ताने स्वतःला एकदाच, सर्वकाळासाठी अर्पण केले. त्यामुळे देवापाशी जाण्याचा मार्ग आपण आपल्या नेमधर्माने उघडत नाही, तो उघडलेलाच आहे. रोमकरांस पत्रातही हाच क्रम आहे. पहिले अकरा अध्याय देवाने काय केले याचे आहेत, आणि बाराव्या अध्यायाच्या आरंभी पौल त्या करुणेचा हवाला देऊन आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्याची विनंती करतो. तो ‘शरीरे’ म्हणतो, हे लक्षात ठेवावे. पुढची प्रत्येक सूचना याच क्रमात वाचावी. ती देवाची मर्जी मिळवण्याची युक्ती म्हणून वापरली, तर तिचा भार होईल.

अहरोनाच्या घराण्याचे हे नियम आपल्याला लागू कसे, असा प्रश्न कोणी विचारील. सीनाय पर्वतापाशी देवाने साऱ्या इस्राएलालाच ‘याजकांचे राज्य’ म्हटले होते, आणि पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात तेच शब्द विखुरलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लावले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० साली याच वचनाच्या आधारे सांगितले की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजक आहे, मग तो चांभार असो की लोहार. तेव्हा रिक्षा चालवणारा, शाळेत शिकवणारी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी, घरी आजारी सासऱ्यांची सेवा करणारी, या सर्वांना या पानांत आपल्यासाठी काय आहे हे शोधण्याचा अधिकार आहे.

कान, हात, पाय

अंगठाच का, याचे उत्तर शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात अप्रत्यक्षपणे मिळते. अदोनी-बेजेक नावाच्या राजाने सत्तर राजांच्या हातापायांचे अंगठे तोडून त्यांना आपल्या मेजाखालचे उष्टे वेचायला लावले होते. अंगठा गेला की तलवार धरता येत नाही आणि नीट पाय रोवून उभे राहता येत नाही. माणूस जिवंत राहतो, पण त्याचे काम संपते. म्हणजे ज्या अवयवाने माणसाची पकड आणि तोल टिकतो, त्यालाच देवाने खूण केली. आपल्या भाषेत तर अंगठ्याला आणखी एक अर्थ आहे. कागदावर अंगठा उठवला की माणूस त्या कागदाला बांधला गेला. लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या कितीतरी पूर्वजांची सही तीच होती. आज कार्यालयात शिरताना यंत्रावर टेकवायचा तोही अंगठाच असतो. रोज सकाळी त्या यंत्रावर अंगठा टेकवताना, ‘प्रभो, आजचे काम या हाताने होईल, आणि हा हात तुझा आहे’ एवढे वाक्य मनात म्हणण्याची सवय लावून घेता येते.

सुरुवात मात्र कानापासून करावी, कारण विधीतही कान पहिला आहे. दिवसातला पहिला आवाज कोणाचा असावा, हे ठरवणे आपल्या हाती असते. जाग आल्यावर फोन हाती घेण्याआधी स्तोत्राच्या किंवा शुभवर्तमानाच्या आठ-दहा ओळी मोठ्याने वाचाव्यात; मोठ्याने अशासाठी की त्या आपल्याच कानांवर पडल्या पाहिजेत. घरात वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि आपण ऐकावे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दिवसभरात कोणाचे तरी म्हणणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकायचे, असे सकाळीच ठरवावे आणि त्या माणसाचे नावही ठरवून ठेवावे. ज्या माणसाचा आपल्याला कंटाळा येतो, त्याचे नाव घेतले तर उत्तम. त्याच कानांनी कोणाची निंदा ऐकण्याची वेळ आली, तर विषय बदलावा किंवा तिथून उठावे.

हाताच्या बाबतीत, दिवसातले एक काम असे निवडावे की जे कसेबसे उरकले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि नेमके तेच काळजीपूर्वक करावे. शिंप्याच्या हातून सदऱ्याची आतली शिवण, शिक्षिकेच्या हातून शेवटच्या बाकावरच्या मुलाची वही, दुकानदाराच्या हातून वजनाचे माप, अशी ती कामे असतात. पायाच्या बाबतीत, आज मी कुठे जाणार आहे आणि कुठे जायचे टाळतो आहे, हा प्रश्न पुरेसा आहे. आजारी शेजाऱ्याच्या दारापर्यंतची वीस पावले पुष्कळदा महिनोन् महिने राहून जातात.

याच पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला छावणीत परत घेण्याचा विधी आहे. आजवर त्याला छावणीबाहेर एकटे राहावे लागले होते, आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत राहावे लागले होते. त्याच्याही उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला याजक रक्त लावतो, त्यावर तेल लावतो, आणि उरलेले तेल त्याच्या डोक्याला लावतो. मुख्य याजकाला जी खूण, तीच वेशीबाहेर टाकलेल्या माणसाला. आपण समर्पणास लायक नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे दोन अध्याय एकाच बैठकीत वाचावेत. मला तरी या दोन अध्यायांच्या शेजारपणाइतके धीर देणारे जुन्या करारात थोडेच सापडले आहे.

गंगाळापाशी

आठव्या अध्यायातले स्नान एकदाच झाले, आणि ते मोशेने घातले. त्यानंतर मात्र याजकाने दर्शनमंडपात जाताना किंवा वेदीजवळ सेवेला जाताना दर वेळी पितळेच्या गंगाळातल्या पाण्याने हातपाय धुवायचे, असा नियम निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात आहे. ते गंगाळ, मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांच्या धातूपासून बनवले होते. स्वतःचे रूप पाहण्यासाठी जे वापरात होते, ते देवासमोर येणाऱ्यांचे हात धुण्याच्या कामी आले. ज्या स्त्रियांनी आपले आरसे काढून दिले त्यांची नावे नोंदलेली नाहीत, पण त्यांच्या देणगीवाचून एकही याजक वेदीपर्यंत पोहोचू शकला नसता.

येशूने शेवटच्या रात्री पेत्राला सांगितले की ज्याचे स्नान झाले आहे, त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो. हातपाय रोज धुवावे लागतात. बाहेरून आल्यावर मोरीत हातपाय धुण्याची आपली घरोघरची सवय आहेच, तिला एक वाक्य जोडावे. ते वाक्य नेमके असावे. ‘प्रभो, मी पापी आहे’ असे म्हणणे सोपे जाते, कारण त्यात कशाचेच नाव नसते. ‘प्रभो, आज सहकाऱ्याने केलेल्या कामाचे श्रेय मी मुकाट्याने घेतले’ असे म्हणताना जीभ अडखळते. दुसऱ्या वाक्याने पाय धुतले जातात. त्यानंतर टॉवेलने पाय पुसून उठावे आणि ती गोष्ट तिथेच सोडावी. उद्या त्या सहकाऱ्याला जे सांगायचे ते सांगावे.

राख

लेवीयच्या सहाव्या अध्यायात, आठव्या ते तेराव्या वचनात, रोजच्या होमबलीचा नियम आहे. वेदीवरचा अग्नी रात्रंदिवस जळत ठेवायचा, तो कधी विझू द्यायचा नाही, हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येते आणि आपल्या गीतांत, उपदेशांतही ते पुष्कळदा येते. त्याच परिच्छेदात दुसरेही एक काम सांगितले आहे, आणि त्यावर मी फारच थोडे उपदेश ऐकले आहेत. सकाळी याजकाने आपली तागाची वस्त्रे घालावीत, रात्रभर जळलेल्या होमबलीची राख उचलावी आणि वेदीशेजारी ठेवावी. मग ती वस्त्रे बदलून दुसरी घालावीत आणि राख छावणीबाहेर एका शुद्ध जागी नेऊन टाकावी. त्यानंतर वेदीवर नवीन लाकडे रचावीत. सेवेचा दिवस राख उचलण्याने उजाडतो, आणि त्यासाठी याजकाची वस्त्रे घालावी लागतात.

या कामाची गरज ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत असे. रात्रीची जेवणे झाली की ती चुलीतले दोन-तीन निखारे राखेत पुरून ठेवी. पहाटे उठून पत्र्याच्या तुकड्याने वरची राख हलकेच बाजूला सारायची, आतला अजून लाल असलेला निखारा शोधायचा, त्यावर वाळलेल्या गोवरीचा चुरा भुरभुरवायचा आणि फुंकणीने फुंकत राहायचे, हे तिचे पहिले काम असे. जाळ धरला की साचलेली राख घमेल्यात भरून ती अंगणापलीकडे नेऊन टाकी आणि थोडी भांडी घासायला ठेवी. मी लहानपणी एकदा विचारले की आधी चहा का ठेवत नाहीस. तेव्हा ती म्हणाली की राख काढली नाही तर विस्तवाला वारा मिळत नाही. ती रोज बायबल वाचत असे, पण हे तिने बायबलमधले म्हणून सांगितले नव्हते. मला लेवीयचा सहावा अध्याय कळला तो तिच्या या उत्तरामुळे.

यरुशलेमच्या मंदिराच्या काळातली एक हकिकत मिश्ना या यहुदी ग्रंथात, योमा या भागात नोंदली आहे. सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या या ग्रंथात म्हटले आहे की राख काढण्याचे काम पूर्वी ज्याला हवे तो करी; इच्छुक अनेक असले की ते वेदीच्या उतरणीवरून पळत जात, आणि जो आधी पोहोचे त्याला ते काम मिळे. एकदा दोघे बरोबरीने धावत असताना एकाने दुसऱ्याला ढकलले आणि त्याचा पाय मोडला, तेव्हापासून न्यायसभेने ते काम चिठ्ठीने वाटून देण्याचे ठरवले. राख उचलण्यासाठी माणसे धावत होती, ही गोष्ट मला हलवून सोडते. पण त्या धावण्यात दुसऱ्याचा पाय मोडला हेही विसरता कामा नये. मंडळीच्या सेवेत कोणाला पुढे मिळाले आणि कोण मागे राहिले यावरून जी मने मोडतात, ती याच जातीची आहेत.

हे आचरणात आणण्यासाठी आपल्या घरातली किंवा कामावरची एक ‘राख’ शोधावी. कोणीतरी करावेच लागते, पण केल्याबद्दल कोणी आभार मानत नाही, असे एक काम असतेच. संडास धुणे, ओला कचरा खाली नेणे, उपासना संपल्यावर खुर्च्या लावणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कपडे बदलणे, अशांपैकी एक काम आपले म्हणून घ्यावे आणि ते दिवसाच्या सुरुवातीला, होता होईल तो कोणाच्या नकळत करावे. ते करताना तागाच्या वस्त्रांची आठवण ठेवावी. त्या याजकाने राखेसाठी जुनेर नेसले नव्हते. वेदीपाशी असेतोवर त्याच्या अंगावर सेवेचीच वस्त्रे होती.

राखेचा दुसरा अर्थ अधिक आतला आहे. ती कालच्या अर्पणाची राख असते. काल जे खरोखर देवासाठी जळले, त्याचीसुद्धा आज राखच उरते, आणि ती वेदीवर तशीच राहिली तर आजचा अग्नी गुदमरतो. म्हणून सकाळच्या प्रार्थनेत कालचे दोन्ही बाजूला काढावे: जे चुकले ते आणि जे फार चांगले झाले तेही. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या सभेतल्या अनुभवावर आजचे विश्वासाचे जीवन रेटणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि मीही काही वर्षे त्यांपैकीच होतो. राख शुद्ध जागीच न्यायची होती, तिचा अवमान करायचा नव्हता. पण तिची जागा छावणीबाहेर होती. ती काढली की लाकूड आणावे. लाकूड म्हणजे वचनाचा तो नवा भाग, जो आपल्याला आधीपासून पाठ नाही.

सकाळ आणि संध्याकाळ

रोजच्या अर्पणाचे माप ठरलेले होते. सकाळी एक वर्षाचे एक कोकरू, संध्याकाळी दुसरे. प्रत्येकाबरोबर एक दशांश एफा (धान्याचे माप) सपीठ, त्यात पाव हिन (द्रवाचे माप) कुटून काढलेले जैतुनाचे तेल मळलेले, आणि पाव हिन द्राक्षारस. ज्या दिवशी मन भरून आले त्या दिवशी तीन कोकरे आणि ज्या दिवशी मन कोरडे त्या दिवशी एकही नाही, अशी सवलत नव्हती. आपणही माप लहान ठेवावे आणि ते मोडू नये. रोज दहा मिनिटे सकाळी आणि दहा मिनिटे संध्याकाळी, हे महिन्यातून एकदा होणाऱ्या तीन तासांपेक्षा जास्त खोल मुरते.

वेळ टिकवण्याची युक्तीही निर्गमातच आहे. अहरोनाने धूप जाळायचा तो सकाळी दिवे साफ करताना आणि संध्याकाळी ते लावताना. वात कापणे, काजळी पुसणे, तेल भरणे या कामाला सुगंध जोडून दिला होता. प्रार्थनेसाठी वेगळी वेळ काढू म्हटले की ती निघत नाही. म्हणून आधीच रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती बांधावी. चहाचे आधण ठेवल्यापासून उकळी येईपर्यंतचा वेळ, दुकानाचे शटर उघडण्याआधीचे क्षण, मुलाला शाळेत सोडून परतण्याचा रस्ता, यांतले एक निवडावे.

असा नेम लागला की तो माणसाला कुठवर साथ देतो, हे दानिएलाच्या नवव्या अध्यायात दिसते. यरुशलेमचे मंदिर पाडून कित्येक वर्षे झाली आहेत, दानिएल परमुलखात म्हातारा झाला आहे, कुठेही वेदी नाही, कोकरू नाही. आणि तरी गब्रीएल देवदूत आपल्याकडे कधी आला हे सांगताना तो म्हणतो की संध्याकाळच्या अर्पणाच्या सुमारास. त्याचे घड्याळ अजून त्या वेदीवर लावलेले होते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचीही अशीच गोष्ट आहे. मराठी बोलणारे हे यहुदी पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचा धर्म काय आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक नसेलही, पण घाणा कोणत्या दिवशी थांबतो हे ठाऊक होते. ख्रिस्ती माणसाने आपला रविवार आणि आपल्या दिवसाच्या दोन वेळा इतक्या स्पष्ट पाळाव्यात की त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना ते न सांगता कळावे.

भरलेले हात आणि छातीवरची नावे

याजकाला नेमण्यासाठी हिब्रू भाषेत जो वाक्प्रचार आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘हात भरणे’ असा होतो, आणि विधीत ते अक्षरशः घडते. मेंढ्याची चरबी, उजवी मांडी, बेखमीर भाकर, तेलाची पोळी आणि एक चपाती हे सारे मोशे अहरोनाच्या आणि त्याच्या पुत्रांच्या हातांवर ठेवतो, ते परमेश्वरासमोर ओवाळले जाते, आणि मग त्यांच्या हातांवरून घेऊन वेदीवर जाळले जाते. याजकाने आपल्या घरून आणून दिले असे त्यात काही नव्हते. सकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी दोन्ही तळहात वर करून थोडा वेळ बसावे आणि आज हातावर काय ठेवले आहे त्याची नावे घ्यावीत: हे काम, हा पगार, हे दुखणे, ही दोन मुले. त्यानंतर ते परत द्यावे.

मुख्य याजकाच्या ऊरपटावर बारा रत्ने होती आणि प्रत्येकावर एका वंशाचे नाव कोरलेले होते. शिवाय खांद्यांवरच्या दोन गोमेद रत्नांवर सहा-सहा नावे होती. पवित्रस्थानात तो एकटा जाई, पण बारा वंशांना खांद्यावर आणि हृदयापाशी घेऊन जाई. एका कागदावर बारा माणसांची नावे लिहून तो कागद खिशात किंवा पवित्र शास्त्रात ठेवावा, आणि रोज दोन नावे घेऊन प्रार्थना करावी. त्यांत निदान एक नाव असे असावे की ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे.

जेव्हा जमत नाही

याजकपदाचा आरंभ जितका भव्य झाला, तितकाच पुढे लेवीयचा दहावा अध्याय भयंकर आहे. नादाब आणि अबीहू, अहरोनाचे दोन पुत्र, परमेश्वराने सांगितला नव्हता असा अग्नी धुपाटण्यात घेऊन गेले आणि तिथेच मरण पावले. त्यांच्या मनात काय होते हे शास्त्र सांगत नाही, म्हणून मीही तर्क करणार नाही. इतके मात्र घ्यावे की देवाची सेवा आपल्या मनाने शोधून काढलेल्या चमकदार गोष्टींनी सजवण्याची घाई करू नये. ‘अभिषेकाचे तेल’ म्हणून बाटल्या विकत घेणाऱ्यांनी निर्गमाचा तिसावा अध्याय जरूर वाचावा. ५०० शेकेल गंधरस, २५० शेकेल दालचिनी असे त्या तेलाचे माप देऊन झाल्यावर, तसे तेल कोणी आपल्यासाठी बनवू नये अशी सक्त ताकीद तिथे आहे.

पण त्याच दहाव्या अध्यायाचा शेवट सहसा कोणी वाचून दाखवत नाही. मुले गेली त्याच दिवशी पापबलीचा जो भाग याजकांनी पवित्र जागी खायचा होता, तो खाल्ला गेला नाही, जाळून टाकला गेला. मोशे रागावला. अहरोन म्हणाला की आज माझ्यावर असे प्रसंग आले, आज मी पापबली खाल्ला असता तर ते परमेश्वराला बरे वाटले असते काय? मोशेने ते ऐकले आणि त्याला ते पटले. इतक्या कडक नियमांच्या पुस्तकात एका शोकाकुल बापाचे ‘आज नाही जमले’ मान्य झाले आहे. घरात मृत्यू झाला असेल, बाळंतपण असेल, मन आजारी असेल, तर ठरवलेला नेम मोडला म्हणून स्वतःला दोष देऊ नये. अहरोनासारखे देवासमोर खरे बोलावे, आणि सावरल्यावर पुन्हा राखेपासून सुरुवात करावी.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी एकदम सगळे हाती घेऊ नये. अहरोन आणि त्याचे पुत्र सात दिवस दर्शनमंडपाच्या दाराशीच थांबले होते. लोकांसाठी त्यांची सेवा आठव्या दिवशी सुरू झाली. पहिले सात दिवस वरीलपैकी दोनच गोष्टी कराव्यात, राख आणि कान. बाकीच्या त्यामागून एकेक जोडत जाव्यात.

आठवा दिवस

त्या आठव्या दिवशी अर्पणे झाल्यावर अहरोनाने लोकांकडे हात उंचावून त्यांना आशीर्वाद दिला आणि मग तो खाली उतरला. त्या आशीर्वादाचे शब्द गणनाच्या सहाव्या अध्यायात आहेत, आणि आपल्या उपासनेच्या शेवटी आजही ते ऐकू येतात: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे रक्षण करो. १९७९ साली यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथल्या दफनगुहेत पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांना चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक सुरळ्या सापडल्या. त्या उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाशी जुळणारे शब्द कोरलेले दिसले. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोणीतरी ते अंगावर बाळगले होते. घरातून बाहेर पडणाऱ्याला हा आशीर्वाद द्यायला पाळकसाहेबांची वाट पाहू नये. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, दप्तर पाठीला लावता लावता, तो म्हणता येतो.

अहरोनाच्या फेट्यावर सोन्याची एक पाटी बांधलेली होती आणि तिच्यावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे कोरलेली होती. जखऱ्या संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या अगदी शेवटी एक दिवस पाहिला, ज्या दिवशी हीच अक्षरे घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेमातले व यहुदातले प्रत्येक पातेले परमेश्वरासाठी पवित्र असेल. जे अर्पण करायला येतील ते तीच भांडी घेऊन त्यांत शिजवतील. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. माझ्या आजीचे एक पितळी पातेले आमच्या स्वयंपाकघरात अजून आहे. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी तिचे नाव घातले आहे, आणि राखेने घासून घासून त्यातली दोन अक्षरे पुसट झाली आहेत. त्यात भाताचे आधण ठेवताना मी आता जखऱ्याच्या पुस्तकातले ते दोन शब्द म्हणतो. आपल्याही घरी असे एखादे पातेले असेल. आज संध्याकाळी ते चुलीवर चढवताना हे शब्द म्हणून पाहावेत.